डोक्याचा आजार, मग औषध छातीचं का?

मामांच्या अंगावरून वारं गेलं, म्हणजे स्ट्रोक आला, त्याला चौथा दिवस होता. उजवा हात-पाय गेलेला, तोंड वाकडं, बोलणं बंद. तरी सकाळी सीटी स्कॅन पुन्हा काढला तेव्हा डॉक्टर समाधानी दिसले. मेंदूला सूज होती, पण फार वाढली नव्हती. त्याच दुपारी ताप १०१ वर गेला आणि संध्याकाळपर्यंत छातीत घरघर सुरू झाली. एक्स-रे झाला, सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. मामी चार दिवस कुणाशी बोलल्या नव्हत्या. राउंडला आलेल्या डॉक्टरांना त्यांनी थेट विचारलं, "डॉक्टर, आजार डोक्याचा आणि औषध छातीचं, हे कसं काय? इथंच काहीतरी लागलं म्हणायचं का?"

डॉक्टर म्हणाले, "मावशी, डोक्यामुळंच छाती बिघडलीय," आणि पुढच्या कॉटकडे गेले. त्यांना अजून वीस पेशंट बघायचे होते.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. प्रतिकारशक्तीचा धडा दरवर्षी फळ्यावर काढतो. तरी ते वाक्य मला कळलं नाही. मामी माझ्याकडे बघत होत्या, कारण घरात 'शिकलेला' मीच. मी नुसती मान हलवली. नंतर वर्षभर जे वाचलं, त्यातून त्या वाक्याचा अर्थ लागला. तो असा की स्ट्रोक आल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती एकाच वेळी दोन उलटी कामं करते. डोक्यात ती पेटून उठते आणि बाकीच्या अंगात मान टाकते. मामी ज्यावर बोट ठेवत होत्या ते नेमकं हेच.

आधी डोक्याचं बघू.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण श्वासातून घेतलेल्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा संपवतो. आणि साठवण म्हणाल तर जवळपास नाहीच. रोज पाणी भरावं लागणारं घर जसं, तसं त्याचं रक्ताशी नातं आहे. स्ट्रोक दोन तऱ्हांनी येतो. धमनीत गुठळी अडकते, नाहीतर धमनी फुटून रक्त मेंदूत पसरतं. जगभर गुठळीचे जास्त. आपल्याकडे रक्तस्रावाचा वाटाही लहान नाही, आणि त्यातल्या कित्येकांना आपला रक्तदाब वाढलेला आहे हे ठाऊकच नसतं. मामांना गुठळीचा होता, म्हणून इथं मी गुठळीबद्दलच बोलतो. मोठी धमनी बंद झाली आणि उपचार मिळाले नाहीत तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशोब जेफ्री सेव्हर या अमेरिकन मेंदूतज्ज्ञाने २००६ मध्ये मांडला. 'साडेचार तासांच्या आत आणा' हे जे डॉक्टर ओरडून सांगतात, ते गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी.

पण सगळा भाग एकदम मरत नाही. एकाच चारीवर भिजणारं शेत चारी फुटली की वाळतं, तरी बांधाकडेच्या दोन-चार सऱ्या शेजारच्या शेतातून झिरपणाऱ्या पाण्यावर काही काळ तग धरतात. मेंदूतही गुठळीच्या पुढचा गाभा लवकर मरतो आणि त्याच्या भोवतीचा पट्टा शेजारच्या धमन्यांतून येणाऱ्या थोड्याफार रक्तावर अर्धमेल्या अवस्थेत टिकून राहतो. त्याला 'पेनम्ब्रा' म्हणतात. ग्रहणातल्या उपच्छायेचा हा शब्द, आणि चपखल आहे. पुढचे तास, पुढचे दिवस जी झुंज चालते ती या पट्ट्यासाठी. आणि इथंच प्रतिकारशक्ती येऊन टपकते.

ती येते कशाला? मेंदूत जंतू तर नाहीत. हा प्रश्न मला शिकवताना नेहमी अडायचा, कारण आमच्या जुन्या पुस्तकांत प्रतिकारशक्तीचं एकच काम असायचं, आपलं कोण आणि परकं कोण हे ओळखणं. १९९४ मध्ये पॉली मॅट्झिंगर या संशोधक बाईंनी वेगळंच मांडलं. या यंत्रणेला परकेपणापेक्षा धोक्याशी जास्त देणंघेणं आहे, असं त्यांचं म्हणणं. (याच बाईंनी पूर्वी एका शोधनिबंधावर आपल्या पाळलेल्या कुत्र्याचं नाव सहलेखक म्हणून घातलं होतं. वर्गात पेंग आली की मी हा किस्सा सांगतो.) त्यांचं सगळं म्हणणं सगळ्यांना पटलेलं नाही, पण स्ट्रोकच्या बाबतीत ते लागू पडतं. पेशी फुटली की तिच्या आतला माल बाहेर सांडतो. एटीपी हे पेशीच्या आत असतं तोवर इंधन, पण बाहेर सांडलं की तीच बोंब ठरते. गुणसूत्रांना चिकटून असणारं एचएमजीबी-१ नावाचं प्रथिन आहे. ते एरवी पेशीच्या केंद्रकाबाहेर दिसायचं कारण नाही. ते बाहेर दिसलं की आजूबाजूच्या पेशी समजतात, इथं कुणीतरी मेलं.

ही बोंब पहिल्यांदा ऐकतात त्या मायक्रोग्लिया. पिओ देल रिओ-ऑर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये त्यांना हे नाव दिलं. गर्भात असतानाच या पेशी मेंदूत येऊन वसतात आणि जन्मभर तिथंच राहतात. एरवी त्यांच्या बारीक फांद्या सतत हलत असतात, आजूबाजूला चाचपत असतात. स्ट्रोक आला की त्या फांद्या आखडून घेतात, गोलसर होतात आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ अशी रसायनं सोडायला लागतात. या रसायनांनी तिथल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर चिकट होतं. रक्तातून सुसाट जाणाऱ्या पांढऱ्या पेशी त्या चिकटपणाला अडखळतात, भिंतीला धरतात आणि आत शिरतात.

शिरणाऱ्यांत पहिले न्यूट्रोफिल. काही तासांत येतात, आणि पहिल्या तीन दिवसांत त्यांची गर्दी सगळ्यांत जास्त असते. गळवातला पू हा बहुतेक मेलेल्या न्यूट्रोफिलचाच असतो, म्हणजे जंतू मारायला ही फौज जबरदस्त. पण इथं जंतूच नाहीत. मग ते करतात ते असं की बारीक केशवाहिन्या तुंबवतात, त्यामुळं मोठी गुठळी काढली तरी खाली रक्त नीट पोचत नाही. आणि एमएमपी-९ सारखी विकरं सोडून रक्तवाहिनीची भिंतच कुरतडतात. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक चोख आडकाठी असते, एरवी ती भलतंसलतं काही आत येऊ देत नाही. ती सैल पडली की पाणी आत झिरपतं, कधी रक्तही. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सूज सगळ्यांत जास्त असते ती यामुळं. कवटी ही हाडाची बंद पेटी, सुजलेला मेंदू जाणार कुठं? फारच सूज आली तर सर्जन कवटीचा एक तुकडा काढून ठेवतात. आपल्याकडे बऱ्याचदा तो तुकडा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली शिवून जपतात आणि सूज उतरल्यावर जागेवर बसवतात. मामांच्या शेजारच्या कॉटवर असा एक तरुण होता.

कवटीवरून आठवलं. २०१८ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या एका गटाने उंदरांमध्ये दाखवलं की स्ट्रोकनंतर मेंदूत येणारे कितीतरी न्यूट्रोफिल दूरच्या हाडातून येतच नाहीत. ते खुद्द कवटीच्या हाडातल्या मज्जेतून, हाड आणि मेंदूचं आवरण यांना जोडणाऱ्या अगदी बारीक बोगद्यांतून खाली उतरतात. माणसाच्या कवटीतही तसे बोगदे दिसले. शेकडो वर्षं माणसं उघडून बघितली, आणि हे २०१८ मध्ये कळलं.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की मग हा दाह, म्हणजे प्रतिकारशक्तीने उडवलेला भडका, औषधाने दाबून टाका. शास्त्रज्ञांनाही वाटलं. चिकटपणाला कारण असणाऱ्या आयकॅम-१ या रेणूला अडवायचं आणि न्यूट्रोफिलना बाहेरच ठेवायचं, या हिशोबाने एन्लिमोमॅब नावाची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) ६२५ रुग्णांवरच्या चाचणीत वापरली गेली. निष्कर्ष २००१ मध्ये आले. औषध मिळालेल्यांपैकी सुमारे २२ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी १६ टक्के. औषध घेणाऱ्यांना ताप जास्त आला, संसर्ग जास्त झाले. ती प्रतिपिंडं उंदराची होती आणि माणसाचं शरीर त्यांच्यावरच उठलं, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. स्टिरॉइडचंही तसंच. दाह म्हटला की स्टिरॉइड, हे आपल्या डोक्यात बसलेलं समीकरण, पण गुठळीच्या स्ट्रोकमधल्या सुजेवर स्टिरॉइड देऊ नये असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. फायदा दिसत नाही, संसर्ग आणि साखर मात्र वाढते.

शिवाय ज्या पेशी मोडतोड करतात त्यांच्यातल्याच काही नंतर साफसफाई करतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी मेंदूत येऊन भक्षक पेशी बनतात आणि मेलेल्या पेशींचा राडारोडा खातात. तो उचलला नाही तर तिथं नवं काही बांधता येत नाही. वाढीला मदत करणारी द्रव्यंही याच पेशी सोडतात. म्हणजे पहिल्या दिवशी जो घर पेटवतो तोच आठव्या दिवशी विटा उचलायला येतो, आणि त्याला नेमकं कधी अडवायचं आणि कधी सोडायचं हे अजून कुणाला नीट जमलेलं नाही.

हे झालं मानेच्या वरचं.

मानेच्या खाली काय चाललेलं असतं, ते मामांच्या फाइलमधल्या एका साध्या कागदावर लिहिलेलं होतं. सीबीसी, म्हणजे आपला नेहमीचा रक्ताचा रिपोर्ट. तिसऱ्या दिवशीचा. न्यूट्रोफिल ८६ टक्के, लिम्फोसाइट ९. लिम्फोसाइट साधारण २० ते ४० असायला हवेत. न्यूट्रोफिल वाढले की आपण 'इन्फेक्शन' म्हणतो आणि नजर पुढं नेतो. खालच्या त्या ९ कडे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

लिम्फोसाइट म्हणजे टी पेशी, बी पेशी आणि त्यांची भावंडं. शत्रूची ओळख ठेवणारी, हुकूम देणारी ही मंडळी. स्ट्रोकनंतर काही तासांत त्यांची संख्या घसरायला लागते. जखमी मेंदूकडून दोन निरोप खाली जातात. एक संकटकाळच्या मज्जातंतूंमधून, ज्यांनी घाबरल्यावर छाती धडधडते, हाताला घाम सुटतो. दुसरा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसॉल ओततात, म्हणजे शरीराने स्वतःच बनवलेलं स्टिरॉइड. या दोन्हींच्या माऱ्यात लिम्फोसाइट मरतात. प्लीहा, म्हणजे पाणथरी, हे त्यांचं मोठं कोठार. उंदरांमध्ये स्ट्रोकनंतर ते चक्क आक्रसतं. माणसांमध्येही सोनोग्राफीत पहिल्या काही दिवसांत प्लीहा लहान झालेली दिसते. ज्या मोनोसाइट उरतात त्याही सुस्तावतात. शत्रूचा नमुना धरून इतरांना दाखवायची त्यांची हातोटी मंदावते.

यावरचा ज्याला पायाभूत म्हणावं असा प्रयोग बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या गटाने केला. त्याचा निबंध २००३ चा. उंदरांच्या मेंदूची एक धमनी काही वेळ बंद करून सोडली. कुठलेही जंतू बाहेरून दिले नाहीत. तरी तीन दिवसांत त्यांच्या फुप्फुसांत आणि रक्तात जिवाणू वाढलेले सापडले. मग त्यांनी दुसऱ्या उंदरांना प्रोप्रॅनोलॉल दिलं. आपल्या घरांतही ही गोळी असते, कुणाला धडधडीसाठी, कुणाला अर्धशिशीसाठी. ती संकटकाळच्या मज्जातंतूंचा निरोप अडवते. ज्यांना ती मिळाली त्या उंदरांमधले संसर्ग ठळकपणे घटले. म्हणजे जंतूंना दार उघडून देणारा मेंदूच होता.

याच गटाने २००६ मध्ये अजून एक आकडा दिला, तो मी आता दरवर्षी वर्गात लिहितो. स्ट्रोक आलेल्या उंदराच्या नाकात न्यूमोनियाचे जेमतेम २०० जिवाणू सोडले तरी त्याला भयंकर न्यूमोनिया झाला. धडधाकट उंदराला तितकाच आजारी पाडायला २ लाख लागले. हजारपट फरक. चमचाभर थुंकी श्वासनळीत गेली तर तुम्हा-आम्हाला खोकला येतो आणि विषय संपतो. मामांसाठी तीच थुंकी न्यूमोनिया होती.

माणसाला ही गोळी देऊन न्यूमोनिया टळतो असं मात्र सिद्ध झालेलं नाही, तेव्हा उद्या कुणी स्वतःच्या मनाने सुरू करू नये. उंदीर आणि मामा यांच्यात फरक आहेच.

मामींच्या दुसऱ्या प्रश्नाचं, 'इथंच लागलं का' याचं उत्तरही यात थोडं आहे. हॉस्पिटलातले जंतू असतात, नाही म्हणता येत नाही. पण २०१६ मध्ये मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या गटाने स्ट्रोक झालेल्या उंदरांच्या फुप्फुसांतले जिवाणू तपासले, तेव्हा त्यांतले बरेचसे त्याच उंदराच्या आतड्यातले निघाले. आतड्याचं अस्तर सैल पडलं होतं आणि आतले रहिवासी बाहेर पडले होते. माणसात याहून सोपी वाट म्हणजे तोंड. तोंडातले जंतू, घास आणि थुंकीबरोबर, चुकीच्या नळीत.

पण शरीर इतका मूर्खपणा करेल का? स्वतःच्याच पहारेकऱ्यांना संकटाच्या वेळी झोपवेल का? यावर एक विचार असा आहे की हा मूर्खपणा नसून सावधगिरी आहे. मेंदूतले पुष्कळसे रेणू लिम्फोसाइटांना एरवी फारसे भेटत नाहीत. स्ट्रोकमध्ये आडकाठी मोडते आणि चेतातंतूंवरच्या वेष्टणातली प्रथिनं रक्तात येतात. त्या वेळी टी पेशी जाग्या असतील तर त्या प्रथिनांनाच शत्रू समजून उरलेल्या मेंदूवर चाल करून जातील. ती चाल टाळायला शरीर त्यांना काही दिवस गप्प करतं, आणि त्याची किंमत छाती मोजते. याला धरून काही पुरावे आहेत. प्राण्यांना स्ट्रोकच्याच वेळी जंतूंमधलं दाह भडकवणारं द्रव्य दिलं तर त्यांच्या टी पेशी मेंदूच्या प्रथिनांवर उठतात आणि ते प्राणी कमी सावरतात. मला हे स्पष्टीकरण पटतं. पण हे अजून मतच आहे, हेही सांगायला हवं.

आता मुद्दा हातात घेण्यासारख्या गोष्टींचा. स्ट्रोकनंतर साधारण ३० टक्के रुग्णांना कुठला ना कुठला संसर्ग होतो, आणि १० टक्क्यांना न्यूमोनिया. मग सगळ्यांनाच पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिक दिलं तर? ही कल्पना इतकी सरळ की दोन मोठ्या चाचण्या झाल्या, दोन्हींचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. नेदरलँड्समध्ये सुमारे अडीच हजार रुग्ण, निम्म्यांना सेफ्ट्रिअॅक्सोन. ब्रिटनमध्ये गिळता न येणारे बाराशेच्या वर. नेदरलँड्समध्ये तीन महिन्यांनंतर रुग्ण कितपत सावरले यात फरक पडला नाही. ब्रिटनमध्ये न्यूमोनियाही कमी झाला नाही. 'डॉक्टर, आधीच एखादं स्ट्राँग अँटिबायोटिक देऊन ठेवा ना' असं म्हणणारे नातेवाईक प्रत्येक वॉर्डात असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

ज्याने फरक पडला ते इतकं साधं आहे की बातमीत येत नाही. ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिटांत नर्सेसच्या हातात तीन गोष्टी दिल्या. पहिले ७२ तास ताप सारखा बघायचा आणि चढायला लागला की लगेच पॅरासिटामॉल द्यायचं. साखर बघायची आणि वाढली तर इन्सुलिन. आणि पोटात काहीही घालण्याआधी गिळता येतं का ते तपासायचं. निष्कर्ष २०११ चे. ९० दिवसांनी मृत्यू किंवा परावलंबित्व हे नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांत ५८ टक्के, या तीन गोष्टी झालेल्यांत ४२ टक्के. तिन्हींतलं नेमकं कशाने किती झालं ते वेगळं काढता येत नाही. पण वरचं सगळं वाचल्यावर आश्चर्य वाटत नाही. ताप आणि साखर दोन्ही त्या अर्धमेल्या पट्ट्यातला दाह भडकवतात. आणि गिळण्याची तपासणी छातीच्या दारावर उभी राहते.

गिळण्याबद्दल जास्त सांगतो, कारण इथं आमचं चुकलं. स्ट्रोकच्या निम्म्याच्या आसपास रुग्णांना पहिल्या दिवसांत नीट गिळता येत नाही. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळं न्यायची पद्धत. 'घोटभर घेऊ द्या, घसा सुकला असेल' हे शब्द मायेचे असतात. पण गिळण्याचे स्नायू ढिले पडलेल्या माणसाला सगळ्यांत अवघड पातळ पदार्थ जातो. पाणी, चहा, शहाळं घशात पसरतं आणि स्नायू हलायच्या आत श्वासनळीत उतरतं. मऊ, दाटसर घास त्यामानाने सावकाश सरकतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ठसका लागेलच असंही नाही. घशाची जाणीवच गेली असेल तर पाणी गुपचूप फुप्फुसात जातं आणि माणूस शांत दिसतो. दुसऱ्या दिवशी गावाकडून आलेल्या एका काकांनी मामांना बशीतून चमचा-चमचा चहा पाजला. मामांनी घेतला. सगळ्यांना बरं वाटलं. मी तिथंच उभा होतो.

न्यूमोनिया त्या चहाने झाला असं मी म्हणत नाही. थुंकी तर चोवीस तास झिरपतच असते. पण नाकातली नळी बघून 'उगाच हाल करतायत' म्हणणाऱ्यांत मीही होतो, ते आता म्हणणार नाही. तोंडाची स्वच्छताही अशीच दुर्लक्षित. दिवसातून दोन-तीनदा ओल्या मऊ ब्रशने दात, जीभ, टाळू पुसून घेतली, कवळी काढून धुतली, तर थुंकीतून खाली जाणारे जंतूच कमी होतात. डोक्याकडची बाजू उंच ठेवणं, लवकरात लवकर बसवणं, कूस बदलणं आणि लघवीची नळी गरज संपली की काढून टाकणं, हे सगळं त्याच यादीतलं. पहिल्या आठवड्यात ताप आला तर 'अंगात ताकद नाही म्हणून आला' असं घरच्या घरी ठरवू नये. सिस्टरला सांगावं.

आणि 'इम्युनिटी वाढवा' हा प्रकार. मामा घरी आले तेव्हा तीन वेगवेगळ्या लोकांनी तीन वेगवेगळे काढे आणून दिले. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण कोणती इम्युनिटी? डोक्यातली वाढवायची की छातीतली? ती नळाच्या तोटीसारखी एका बाजूला फिरवून वाढत नाही. त्यात गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही, वाद झाला. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने काय घ्यावं हे त्याच्या डॉक्टरला विचारूनच ठरवावं, एवढं तरी वादाबाहेरचं आहे.

लिम्फोसाइटांची घसरण बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत भरून येते. पण सगळा हिशोब तिथं मिटत नाही. २०२४ मध्ये म्युनिकच्या एका गटाने दाखवलं की उंदरांमध्ये स्ट्रोकनंतर हाडांच्या मज्जेतल्या पेशी तो प्रसंग 'लक्षात ठेवतात'. त्यांच्यापासून तयार होणाऱ्या मोनोसाइट महिन्यांनंतरही चिडक्याच निघतात, हृदयात जाऊन बसतात आणि तिथला स्नायू ताठर करतात. या आठवणीला कारण होतं ते इंटरल्यूकिन-१ बीटा. सुरुवातीला मेंदूत भडका उडवणाऱ्यांपैकीच हे एक. स्ट्रोकनंतर हृदयाचे आजार का वाढतात याचा एक धागा इथं सापडतो. मरून गेलेल्या भागाच्या पोकळीत बी पेशी आठवड्यांनंतर जमतात आणि उंदरांची स्मरणशक्ती बिघडवतात, असं २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं. साधारण एक तृतीयांश रुग्णांना पुढं नैराश्य येतं, थकवा तर कितीतरी जणांना. त्यात या रेंगाळलेल्या दाहाचा हात असावा असा संशय आहे. पण एका बाजूचं अंग गेलेल्या माणसाने खिन्न व्हायला दाहच हवा असं नाही, हेही खरं.

दाह कमी करून दुसरा स्ट्रोक टाळता येईल का, तर तेही करून बघितलं. कोल्चिसिन हे गाऊटचं, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या आजाराचं, जुनं औषध. आपल्याकडच्या कळलावी या वेलीतही ते असतं, आणि म्हणूनच कळलावी विषारी. २०२४ मध्ये त्याच्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले. चीनमध्ये आठ हजारांहून जास्त रुग्णांवरच्या चाचणीत फायदा दिसला नाही. मुख्यतः युरोपातल्या तीन हजारांवरच्या चाचणीत आकडे थोडे बऱ्या बाजूला झुकले, पण पक्कं म्हणावं इतके नाहीत.

हे नातं उलट्या दिशेनेही चालतं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांकडच्या नोंदींवरून २००४ मध्ये हिशोब निघाला की छातीच्या संसर्गानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत स्ट्रोकचा धोका सुमारे तिप्पट होतो. दाहाने रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते, धमनीतला जुना थर फुटायला निमित्त मिळतं. फ्लूची लस घेतल्यावर मात्र तसा धोका वाढलेला दिसला नाही. मामांना आठवलं, त्या आठवड्यात त्यांना चार दिवस सर्दी-खोकला होता. त्याचमुळं झालं असं एका माणसाबद्दल म्हणता येत नसतं. पण पावसाळ्याआधी फ्लूची लस आता दोघंही घेतात, मामा आणि मामी.

न्यूमोनिया आटोक्यात यायला नऊ दिवस लागले. मामींना रिपोर्ट कुठं वाचायचा ते मी दाखवलं होतं. मग रोज सकाळी कागद आला की त्या चष्मा लावून तो एकच आकडा शोधायच्या. ९ चे १३ झाले, मग १७. डिस्चार्जच्या दिवशी २२ होते. त्यांनी फाइल मिटून पिशवीत घातली आणि खिडकीत आठवडाभर पडून असलेल्या शहाळ्याकडे बघून सिस्टरला विचारलं, "आता देऊ का?"

"आधी वरणभात घट्ट कालवून द्या, बसवून द्या," सिस्टर म्हणाल्या. "शहाळं तुम्ही प्या."